पऱ्हाटीला झालंय काय? दुकानात जाण्याआधी वावरात पाहा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी भावावर बोलणार नाही. त्यावर बोलणारे या मांडवात बरेच आहेत. आज पानावर बोलायचे आहे. कापसाचा पैसा बाजारात बुडायच्या आधी थोडा वावरातच बुडतो, आणि तो बुडवायची आपली एक ठरलेली रीत आहे. पान लाल झाले, वाकडे झाले, की आपण एक पान तोडतो, खिशात घालतो आणि तालुक्याला जाऊन कृषी केंद्राच्या टेबलावर ठेवतो. दुकानदार आधी पानाकडे पाहतो, मग मागच्या फळीकडे पाहतो. फळीवर जी बाटली असेल तोच आजार निघतो. त्याला मी शिव्या देत नाही, त्याचे पोट विक्रीवर आहे. पण ज्या आजाराला बाटलीच नाही, तो आजार त्या दुकानात कधी सापडणार?

आणि असे आजार थोडेथोडके नाहीत. झाडाला पाणी जास्त झाले, कमी झाले, अन्न कमी पडले, रात्रीचा गारठा वाढला, शेजारच्या धुऱ्यावरून काही उडून आले, यातले काहीच किडीने केलेले नसते. झाड मात्र बोलते एकाच भाषेत: पान पिवळे, पान लाल, पान गळले. म्हणून एका पानावरून निदान होत नाही. अख्खे वावर पाहावे लागते.

लाल्याचेच घ्या. पाने लाल होण्याची निदान दोन कारणे तरी प्रत्येकाने ओळखलीच पाहिजेत. तुडतुडे असले तर पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि पान खाली वळते, वाटीसारखे. पान उलटे करा. फिकट हिरवे तुडतुडे तिरपे चालताना दिसतील. दिसले आणि बरेच दिसले, तर फवारणीला अर्थ आहे. पण बोंडे भरायला लागली, पाऊस संपला, रात्र थंड झाली आणि खालची जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून मधून लाल झाली, पानाखाली कोणी नाही, तर तो मॅग्नेशियमचा आणि नत्राचा तुटवडा आहे. झाडाने जुन्या पानातले अन्न काढून बोंडाला दिले आहे. आई स्वतः उपाशी राहून लेकराला घास देते, तसे. त्यावर कीटकनाशक मारणे म्हणजे उपाशी माणसाला तापाची गोळी देणे. शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि दोनशे ग्रॅम युरिया दहा लिटर पाण्यात, दोन फवाऱ्या, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने. लाल झालेले पान हिरवे होणार नाही, पुढची पाने वाचतील.

जुने पान आणि नवे पान यातला फरक कळला तर निम्मे निदान झाले. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाडात हलतात. कमी पडले की जुन्या पानातून निघून कोवळ्याकडे जातात, म्हणून खालचे पान आधी बिघडते. लोह आणि गंधक तसे हलत नाहीत, तिथे शेंड्याचे पान आधी पिवळे पडते. चुनखडीच्या जमिनीत ज्वारीच्या कोवळ्या पानावर पिवळे-हिरवे पट्टे दिसतात, तो लोहाचा प्रकार.

आता घाटाखालच्या मंडळींसाठी. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या खारपाणात पाणी मुरत नाही. पंधरा-वीस दिवस उघाड, मग एकाच दिवशी धो-धो पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. सकाळी टवटवीत असलेली पऱ्हाटी संध्याकाळी मान टाकते. हा आकस्मिक मर. रोगट मरमध्ये झाड हळूहळू जाते आणि खोड चिरले तर आत तपकिरी रेघा दिसतात. इथे तशा दिसत नाहीत. मुळांना हवा मिळाली नाही, बस. आधी चर काढून पाणी बाहेर घाला. मग पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि दीडशे-दोनशे ग्रॅम युरिया दहा लिटर पाण्यात करून बुडाशी ओता, पहिल्या एक-दोन दिवसांत. आठवड्यानंतर ओतलेले पाणी फक्त जमिनीला जाते.

मुळांच्या हवेबद्दल बोललो, आता वरच्या हवेबद्दल. इथे जरा थांबणार आहे, कारण या भांडणात मी स्वतः मध्ये पडलेलो आहे. एकाच्या वावरात ज्वारी, धुऱ्यापलीकडे भावकीतल्याची पऱ्हाटी. ज्वारीवाल्याने रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारले. ज्वारीला काही झाले नाही, होतही नाही, ते गवताच्या जातीचे पीक. पण टू-फोर-डीच्या बाबतीत कपाशीइतके हळवे पीक शोधून सापडणार नाही. आठ-दहा दिवसांत पऱ्हाटीची नवी पाने अरुंद, लांब, भेंडीच्या पानासारखी फाटलेली निघाली, शिरा एकमेकींना चिकटून समांतर, देठ पिळलेले. दुकानात निदान झाले, "व्हायरस". पांढऱ्या माशीच्या नावाने तीन फवारे गेले. पानमुरड्या विषाणूचा खरा त्रास पंजाब, हरियाणा, राजस्थानात आहे, आणि त्यात पान वाटीसारखे वळते, शिरा जाड होतात. पानाची चिंधी होत नाही.

ओळखायचे कसे? जुनी पाने चांगली आणि अमुक दिवसानंतरची सगळीच नवी पाने वाकडी, हे पहिले. दुसरे म्हणजे धुऱ्याकडच्या तासांत जास्त, आत जाल तसे कमी. कीड अशी धुऱ्यापासून मोजून-मापून उतरत नाही, आणि सगळ्या झाडांना एका दिवशी लागतही नाही. पूर्ण वावर सारखेच वाकडे असेल तर दुसरीकडे नको, आपल्याच पंपाकडे पाहा. तणनाशकाचा पंप नुसता पाण्याने विसळून पऱ्हाटीवर चालवला की हेच होते. नळीत आणि वायसरमध्ये औषध राहते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल पट्टा ओढा.

यावर उतारा नाही. विकणारा कोणी भेटला तर घेऊ नका. डवरणी करा, थोडे नत्र द्या, दोन-तीन आठवडे वाट पाहा. शेंड्याला सरळ पान आले तर झाड सावरते आहे.

टू-फोर-डीमध्येही प्रकार आहेत. डब्यावर इथाईल एस्टर लिहिलेले असेल तर ते उन्हात वाफ होऊन उडते, फवारून झाल्यावरही. अमाइन सॉल्ट त्या मानाने कमी उडते. जवळ पऱ्हाटी असेल तर एस्टर आणूच नका. आणि अगदी पडलेली, शांत हवा फवारणीला चांगली असे आपण समजतो, तसे नाही. मूठभर काडीकचरा पेटवा. धूर वर न जाता वावरावर आडवा पसरत असेल तर बारीक थेंबही तसेच तरंगतील आणि दूर जाऊन बसतील. अशा वेळी पंप खाली ठेवावा.

हवेतून पिकाला मार बसतो ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये पॉलिथिनच्या कारखान्याजवळच्या कपाशीची पाने-पाती गळाली, तेव्हा १९५७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध इथिलीन वायूशी जोडून दाखवला. केळी पिकवायला वापरतात तोच हा वायू. लाकडाच्या धुरात तो असतो, आणि ताणात आलेले झाडही तो स्वतः सोडते. पाणी साचल्यावर पाती का गळते त्याचे एक कारण हेच. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये बियाणे घेणाऱ्यांनी जाळीच्या तोंडाशी डिझेल इंजिन आणि चूल ठेवू नये, तेही यासाठीच.

कोंडलेली हवा झाडापेक्षा माणसाला आधी मारते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. बरेचसे रोजंदारीवर फवारणारे होते. त्या साली पऱ्हाटी काही ठिकाणी डोक्याइतकी वाढली होती, दाट, दमट. आत शिरलेल्या माणसाच्या तोंडासमोरच फवारा. छातीपेक्षा उंच पऱ्हाटीत कोणाला पंप देऊन पाठवू नका, आणि चार औषधे एका टाकीत घालू नका. डोळ्याची बाहुली बारीक झाली, लाळ सुटली, घाम, मळमळ सुरू झाली, तर माणसाला वावराबाहेर काढा, कपडे उतरवून साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या. डॉक्टरला डबा पाहायला मिळाला तर उपचारात वेळ जात नाही. आता सांगा, ज्या तीन फवाऱ्यांची गरजच नव्हती, त्यासाठी कोणाच्या पोराला त्या पऱ्हाटीत धाडायचे?

नुकसान धुऱ्यापलीकडून आले असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला, कोर्टात नंतर. फवारायच्या आदल्या दिवशी "उद्या मारतोय" एवढे सांगायची पद्धत गावाने पाडली तर निम्मी भांडणे मिटतील. औषधात किंवा बियाण्यात खोट वाटत असेल तर पक्के बिल आणि रिकामा डबा जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका.

पुढच्या बैठकीला येताना खिशात पान आणू नका. मुळासकट दोन झाडे आणा, एक बिघडलेले आणि एक त्याच वावरातले चांगले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात झाड घामेजून सडते. आणि चिठ्ठीवर वावराचा नकाशा काढा: धुरा कुठे, उतार कुठे, शेजारी काय पेरले आहे, त्याने कधी काय फवारले. जे इथे उकलणार नाही ते अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात घेऊन जाऊ.