मागच्या आसनावरचा पट्टा



२०२२ सालच्या दोन अपघातांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. त्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. २७ डिसेंबरला म्हैसूरजवळ कडकोळ येथे पंतप्रधानांचे बंधू प्रल्हाद मोदी यांची मोटार दुभाजकावर धडकली. प्रवासी जखमी झाले, परंतु सर्वांचे प्राण वाचले.

मोटार थांबली तरी शरीर त्याच वेगाने पुढे झेपावते. जडत्वाचा हा नियम मागच्या आसनालाही लागू आहे. पट्टा तो आघात छाती व कमरेच्या हाडांवर विभागतो. एअरबॅग पट्ट्याला साथ देते, त्याची जागा घेत नाही. ती इतक्या जोराने फुगते की पुढे मांडीवर बसवलेल्या बालकाला तीच घातक ठरू शकते.

मित्रहो, मागे बसताना पट्टा बांधा आणि वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे आठवण द्या. अशी आठवण देण्यात उद्धटपणा नाही, माया आहे.