पाठीचे दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. डॉक्टरीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु माझ्या धाकट्या जावेच्या दुखण्यात मी वर्षभर इस्पितळाच्या फेऱ्या घातल्या, डॉक्टरांना विचारले आणि कळले ते वहीत टिपून ठेवले. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवते.

पाठ दुखली की आपण बायका म्हणतो, "कामाने दुखते." पुष्कळदा ते खरेच असते. पण कामाने दुखणारी पाठ बहुधा आडवे झाल्यावर निवते. जी पाठ निजल्यावरही ठणकते, रात्री जागे करते, दिवसेंदिवस वाढतच जाते, तिच्या मणक्यात जंतू शिरले असण्याचा संभव असतो.

हे जंतू बहुधा रक्तावाटे येतात. अंगावरचे गळू, लघवीच्या मार्गातला दाह, अशा ठिकाणाहून पू करणारे जंतू मणक्यात जाऊन बसतात. मधुमेह असलेल्यांना हा धोका अधिक. कच्चे, न तापवलेले दूध प्यायल्यानेही एका जातीचे जंतू मणक्यापर्यंत पोहोचतात. म्हणून दूध नेहमी उकळूनच घ्यावे.

आपल्या देशात मात्र मुख्य शत्रू क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने 1779 साली पाठीला कूबड येऊन पाय लुळे पडण्याच्या या रोगाचे वर्णन केले. जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली दाखवून दिला. पू करणाऱ्या जंतूंनी दुखणे सहसा लवकर भडकते. क्षय महिनोन् महिने हळूहळू मणका पोखरतो. खोकला नसतो, ताप कित्येकांना येतच नाही. म्हणून तो ओळखू येत नाही.

माझ्या जावेचे तसेच झाले. आधी शेक, मग लेप, मग मालिश. संध्याकाळी अंगात कसर, अन्नावर वासना नाही, चोळ्या ढिल्या झाल्या. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. पुढे पायांत मुंग्या येऊन चालताना तोल जाऊ लागला. तेव्हा एमआरआय केला, आणि दोन मणके पोखरलेले व शेजारी पू साठलेला दिसला.

भगिनींनो, हे ध्यानात ठेवा. आरंभीच्या आठवड्यांत एक्स-रे चांगला आला तरी रोग नाही असे ठरत नाही. रक्ताच्या तपासणीत दाह कळतो, पण जंतू कोणता हे कळतेच असे नाही. एमआरआय जागा दाखवतो. नेमका जंतू कळावा म्हणून सुईने पू किंवा हाडाचा तुकडा काढून तपासतात. सीबीनॅट या तपासणीत क्षयाचा जंतू आहे का, हे काही तासांत समजते. रोगी फार अत्यवस्थ नसेल तर हा नमुना औषध सुरू करण्यापूर्वी घेतलेला बरा. नाहीतर जंतू हाती लागेलच असे नाही. तेव्हा, "डॉक्टर, नमुना तपासायचा का?" असे विचारायला संकोच करू नये.

निदान झाल्यावर आमच्या घरात 'क्षय' हा शब्द उच्चारायची चोरी झाली. खरे पाहता नुसत्या मणक्याचा क्षय शेजारणीला लागत नाही. फुप्फुसात आहे की काय, तेवढे तपासून घ्यायचे. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती साधारण वर्षभर, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. जावेने ती घेतली, आणि आज ती आपल्या पायांनी बाजारहाट करते.

पाय जड पडू लागले, लघवी-शौचाचा ताबा सुटू लागला, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. घरातले सर्वांचे जेवण झाल्यावर आपण जेवतो, ती रीत दुखण्याला लावू नका.