साखर घातली नाही, तरी ती होतीच

आज बेदाणा-खजुराच्या गोडव्याबद्दल बोलूया. पण आधी माझी एक चूक सांगून टाकते.

मी तासगावची. आमच्या घरात एकवेळ साखर संपेल, बेदाणा संपत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना डायबेटिस निघाला. मी लगेच मोबाईलवर रेसिपी शोधून ‘बिनसाखरेचे’ लाडू केले. खजूर, बेदाणे, शेंगदाणे, तूप. बाबा खूश! रोज तीन-तीन खायचे. पुढच्या रिपोर्टात आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, “गोड काय खाता?” बाबा म्हणाले, “काहीच नाही हो, पोरगी साखर घरात येऊ देत नाही.” मी शेजारी गप्प उभी.

खरं तर मला कळायला हवं होतं. लहानपणापासून बेदाण्याच्या शेडवर बघत आलेय, साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. उडून जातं ते पाणी. साखर कुठं जाणार? 100 ग्रॅम बेदाण्यात 60-65 ग्रॅम साखर असते. खजूरही त्याच माळेतला.

मग सोडून द्यायचं का? अजिबात नाही. पेस्ट मी आजही करते. एक वाटी बिया काढलेला खजूर, किंवा निम्मा खजूर निम्मा बेदाणा, बुडेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचा. बेदाणा आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा बरं का, कारण वाळवायच्या आधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. मग भिजवलेलंच पाणी थोडं थोडं घालत मिक्सरला फिरवा. ते पाणी फेकू नका, गोडी त्यातही उतरलेली असते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, जास्त झाली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. शिऱ्यात, ओट्समध्ये मस्त लागते. केकमध्ये घातली तर दूध कमी करा, आणि लक्ष ठेवा, रंग लवकर चढतो. चहात मात्र नको, तळाला गाळ बसतो. खारकेच्या पुडीचंही तेच.

सिरपची गोष्ट वेगळी. खजूर उकळून गाळला की चोथा बाहेर आणि तंतूही बाहेर. उरतो तो पाकच. जागतिक आरोग्य संघटना सिरपमधली साखर मधासारखीच ‘फ्री शुगर’मध्ये मोजते. त्यामुळे पाकिटावर पुढे ‘नो अ‍ॅडेड शुगर’ दिसलं की पाकीट उलटं करा आणि ‘टोटल शुगर्स’ची ओळ वाचा. मी तेव्हा वाचलीच नव्हती.

लाडू अजून होतात आमच्याकडे. पूर्वी लिंबाएवढे वळायचे, आता सुपारीएवढे, तीळ-दाणे जास्त घालून. डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय, दिवसाला एक. बाबा तो एका घासात संपवतात आणि डब्याकडे बघत बसतात. डबा मी वरच्या फळीवर ठेवते.