साक्षीदार



आम्ही सेवानिवृत्त शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. तथापि वाचनाने जे समजले ते निवेदन करतो.

आपल्या रक्तात टी-पेशी नामक रक्षक असतात. शरीरातील इतर पेशी जंतूच्या प्रथिनाचा तुकडा एका धारक रेणूत धरून त्यांस दाखवितात. टी-पेशीचा ग्राहक रेणू तो तुकडा पारखतो. परंतु ही पकड दुबळी असते. तेव्हा सहग्राहक साह्यास येतो. पहिल्या वर्गाच्या धारकास सीडी-८ व दुसऱ्या वर्गाच्या धारकास सीडी-४ बिलगतो, आणि पेशीच्या आत इशारा पोहोचतो. दस्तऐवज साक्षीदारावाचून पुरा होत नाही, तसेच हे.

एचआयव्ही विषाणू नेमक्या या सीडी-४ लाच धरून पेशीत शिरतो, हे १९८४ साली उघड झाले. रक्ताच्या घन मिलिमीटरमागे सीडी-४ पेशी २०० हून कमी झाल्या, म्हणजे एड्सची अवस्था आली असे मानतात.

आमचा एक विद्यार्थी १९९८ साली याच रोगाने गेला. तिरडीस चार खांदे मिळेनात. आम्हीही अंगणातच थबकलो. हा रोग स्पर्शाने होत नाही, हे तेव्हा आम्हांस उमगले नव्हते. ती खंत आजही जात नाही.

२००४ पासून सरकारी रुग्णालयांतून यावरील औषधे मोफत मिळू लागली आहेत. ती नियमित घेणारा दीर्घकाळ जगतो. यास्तव प्रार्थना इतकीच, की दुबळी पकड घट्ट करणे हे सहग्राहकाचे ब्रीद आपल्या ज्ञातीनेही उचलावे, आणि अशा रुग्णाचा हात सोडू नये.