यंत्रांचें बारसें



विक्रोळीस पूर्वेच्या बाजूस टागोर नगर व कन्नमवार नगर ह्या दोन मोठ्या वसाहती आहेत. तेथें कोणास पत्ता विचारला तर ग्रुप अमुक किंवा इमारत क्रमांक अमुक, असें उत्तर बहुधा मिळतें. आंकडा रुक्ष खरा. परंतु तो एका जागेस चिकटलेला असतो, म्हणूनच पत्र बिनचूक पोहोंचतें. आतां असें समजा कीं, रोज पहांटे ज्या इमारतींत प्रथम दिवा लागेल तिला पहिला क्रमांक द्यावा, असा नियम झाला. मग पोस्टमनानें काय करावें? ही कल्पना हास्यास्पद वाटेल. पण संगणकाच्या अंतरंगांत असाच नियम कैक वर्षें चालू होता.

संगणकाचा सारा कारभार ज्या मुख्य प्रोग्रॅमच्या हातीं असतो त्यास कर्नेल म्हणतात. लिनक्स नांवाचें कर्नेल लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं 1991 सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत लिहावयास घेतलें. संगणकास जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. ती जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. उपकरण ओळखलें गेलें कीं त्यास एक नांव मिळतें, आणि पुढील सर्व आज्ञा त्या नांवानें सुटतात.

प्रारंभीं आयडीई जातीच्या डिस्कचें नांव जागेवरून ठरे. पहिल्या केबलवरील डिस्का ‘एचडीए’ व ‘एचडीबी’. दुसऱ्या केबलवरील पहिली ‘एचडीसी’. मधली जागा रिकामी राहिली तरी ‘एचडीसी’ ती ‘एचडीसी’च. उलट स्कझी जातीच्या डिस्कांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ हीं नांवें सांपडण्याच्या क्रमानें मिळत. 2006-07 च्या सुमारास जुन्या जातीही ह्या दुसऱ्या रिवाजाखालीं आल्या. मग नवी डिस्क जोडली कीं कालची ‘एसडीए’ आज ‘एसडीबी’ होणें शक्य झालें. आणि ‘एसडीबी पुसून टाक’ ही कालची आज्ञा आज कोणाच्या आयुष्याचें काम पुसून टाकील, ह्याचा भरंवसा उरला नाहीं.

नेटवर्क कार्डांचीही कथा तीच. ‘ईटीएच0’ बाहेरच्या जगाकडे व ‘ईटीएच1’ घराकडे, अशी योजना असतां नांवांची अदलाबदल झाली, तर बाहेरच्या दारावरचा पहारेकरी आंतल्या दारावर उभा राहतो आणि बाहेरचें दार सताड उघडें पडतें. म्हणून जानेवारी 2013 मध्यें सिस्टिमडी ह्या प्रणालीच्या 197 व्या आवृत्तींत जागेवरून नांव देण्याची पद्धत आली. ‘ईएनपी3एस0’ म्हणजे ईथरनेट, पीसीआय मार्ग क्रमांक 3, खांच क्रमांक 0. नांव कानास कठोर, पण पत्ता स्पष्ट. कार्ड दुसऱ्या खांचेंत नेलें तर मात्र नांवही बदलतें, हें विसरूं नये. डिस्कवरील फाइल-व्यवस्थेस यूयूआयडी हा स्वतःचा लांबलचक अंक असतो; तो जागेची नव्हे, तर खुद्द त्या व्यवस्थेचीच ओळख पटवितो.

खुद्द ड्रायव्हरांचीं नांवें पुष्कळदां चिपच्या अंकावरून पडतात. रियलटेकच्या कार्डांचा ‘आर8169’ पुढें 8168 इत्यादि भावंडांचाही भार वाहूं लागला, तरी नांव तेंच राहिलें. इंटेलच्या ‘ई1000’ व ‘ई1000ई’ ह्यांत एका अक्षराचाच भेद. पण पहिला जुन्या पीसीआय कार्डांचा, दुसरा पीसीआय एक्सप्रेसचा. मग हीं नांवें सुधारीत कां नाहींत? कारण असंख्य संगणकांच्या सेटिंगांत तीं लिहिलेलीं आहेत. आणि चालत्या प्रोग्रॅमांस कर्नेलच्या बदलानें मोडूं नये, हा लिनक्सचा कडक दंडक आहे.

मनुष्यास गॅझेटांत जाहिरात देऊन नांव बदलतां येतें. ड्रायव्हरला ती सोय सहसा नाहीं. तरुण मित्रहो, तुमच्यापैकीं कोणावर उद्यां असें बारसें करण्याचा प्रसंग येईल. तेव्हां आधीं हें ठरवा कीं, नांवानें जागा सांगावयाची, कीं ओळख, कीं केवळ येण्याचा क्रम. क्रम सर्वांत सोपा खरा. पण त्याच्यावर विसंबून आज्ञा लिहिणाऱ्या परक्या माणसास तोच सर्वांत महाग पडतो.