संगणकाच्या काळ्या चौकटीतील पर्याय
(लोणावळा येथे मावळ तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जतहून लोणावळ्याकडे येताना भोर घाटात सदतिसास एक असा चढ लागतो. १८६३ साली हा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. आजही अनेक गाड्यांना कर्जत येथे जादा एंजिने जोडण्यात येतात व घाट चढून आल्यावर ती सुटी करण्यात येतात. गाडीच्या मूळ रचनेत त्यामुळे काही फरक पडत नाही. साहाय्य मिळते ते त्या फेरीपुरते. संगणकाला दिलेल्या आज्ञेच्या ओळीत जे ‘पर्याय’ जोडावयाचे असतात, त्यांचे स्वरूप असेच आहे.

टर्मिनल हे पूर्वी एक स्वतंत्र यंत्र होते. पडदा व कळफलक एवढाच त्याचा संसार. गणनाचे काम दुसरीकडे ठेवलेल्या मोठ्या संगणकात चाले. डिजिटल कंपनीचे व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ साली आले. त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ व २४ ओळी मावत. पुढे पडद्यावरील एका चौकटीतच अशा यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम निघाले. त्यांनाच टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. १९८४ साली लिहावयास घेतलेला ‘एक्सटर्म’ हा त्यांपैकी एक असून तो आजही वापरात आहे. उघडताच तो ८० स्तंभ व २४ ओळींचीच चौकट दाखवितो. यंत्र गेले, माप राहिले!

आता प्रश्न सोयीचा. शाळेत अथवा ग्रामपंचायतीत एकच संगणक व एकच खाते असले, म्हणजे त्यासमोर अनेकजण आळीपाळीने बसतात. एकाची नजर तरुण असते, दुसऱ्याला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. दुसऱ्याने कायमची मांडणी बदलली, तर पहिला तक्रार करतो. मग कोणीतरी मांडणीला हात लावण्यास मनाई करतो. परिणामी, निवृत्तीस आलेले गुरुजी संगणकापासून दूर राहू लागतात आणि आपण मात्र त्यांना शिकण्याची इच्छाच नाही, असे म्हणून मोकळे होतो. वास्तविक अडचण अक्षराच्या आकाराची असते, इच्छेची नव्हे.

ही अडचण एका ओळीत दूर होते. ‘एक्सटर्म’ हे नाव लिहून पुढे जागा सोडावी, वजाचे चिन्ह व ‘एफए’ ही अक्षरे लिहून हव्या त्या टंकाचे नाव द्यावे. नंतर पुन्हा वजाचे चिन्ह, ‘एफएस’ व १८ हा आकडा लिहावा. अक्षर मोठे झालेले दिसेल. (प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीतच टंकित करावयाची असतात; येथे उच्चार दिले आहेत.) नुसता ‘एफएस’ न देता त्याबरोबर ‘एफए’ अवश्य द्यावा, कारण आकाराचा हा पर्याय त्याच जातीच्या टंकांना लागू पडतो. चौकट बंद केली की ही व्यवस्था संपली. पुढच्या माणसाला त्याची नेहमीची चौकट मिळेल. कार्यालयाच्या भाषेत बोलावयाचे, तर खात्यातील मांडणीची फाइल हा स्थायी आदेश होय आणि पर्याय हा एका प्रकरणावरील शेरा. दोहोंत विरोध आल्यास त्या वेळेपुरता शेराच चालतो.

रंगांसाठी ‘बीजी’ व ‘एफजी’ हे पर्याय आहेत. पहिला पार्श्वभूमीचा, दुसरा अक्षरांचा. वर्गात भिंतीवर प्रक्षेपण करावयाचे असल्यास पांढऱ्यावर काळे अक्षर अधिक चांगले दिसते. काळी चौकटच खरी, हा केवळ सवयीचा भाग आहे. वर सरकून गेलेल्या ओळी किती जपून ठेवावयाच्या, हे ‘एसएल’ ठरवितो. लांबलचक यादी पाहणाऱ्याने हा आकडा वाढवून घ्यावा.

लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद येथे पाळावाच लागतो. मोठ्या लिपीतील ‘टी’ने चौकटीला शीर्षक देता येते, लहान ‘टी’ने, ती सोय असलेल्या आवृत्तीत, जुन्या टेक्ट्रॉनिक्स आलेखयंत्राची नक्कल सुरू होते आणि नवखा गोंधळून जातो. ‘ई’ हा पर्याय चौकट उघडताच एखादा कार्यक्रम चालविण्यासाठी आहे. तो नेहमी सर्वांत शेवटी लिहावा, कारण त्यापुढील सर्व मजकूर त्या कार्यक्रमाचाच समजला जातो. कार्यक्रम संपताच चौकट मिटून निकाल वाचावयाचा राहून जातो, अशी तक्रार अनेकजण करतात. त्यांनी ‘ई’च्या आधी ‘होल्ड’ हा पर्याय जोडावा.

आता मराठीविषयी. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे नेऊन अशा पडद्यांवर देवनागरी आणली. आपल्याच जिल्ह्यातील हे काम आज फारसे कोणाला आठवत नाही, याचे नवल वाटते. कारण अडचण मोठी होती. टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरावीक घर असते. आपली जोडाक्षरे व वेलांट्या घरांच्या अशा हिशेबात बसत नाहीत. एक्सटर्ममध्ये ही अडचण आजही आहे. ‘यू’ व ८ हा पर्याय दिल्यास तो युनिकोडमधील चिन्हे ओळखतो, परंतु त्यांची जुळणी करीत नाही. अक्षर कितीही मोठे केले तरी उपयोग होणार नाही. तेथे कार्यक्रमच बदलावा लागतो. ‘एमएलटर्म’ हा भारतीय लिप्यांची जुळणी करू शकणारा कार्यक्रम आहे.

पारख सोपी आहे. एका फाइलीत ‘शिक्षिका’ हा शब्द लिहून चौकटीत पाहावा. दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षराच्या आधी आल्या व ‘क्ष’ अखंड दिसला, तर चौकट मराठीसाठी योग्य समजावी. तसे न दिसल्यास नोंदी दुरुस्त करण्याच्या भरीस मात्र पडू नये. फाइलीतील मजकूर बहुधा शाबूत असतो, बिघाड केवळ दाखविण्यात असतो. चौकटीत वेलांटी जागेवर दिसावी म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदीतील नावांची अक्षरे कोणी पुढेमागे केली, तर पडद्यावर बरे दिसणारे ते नाव दाखल्यावर चुकीचे छापले जाईल.