दहावीनंतरचे दार कोण उघडणार?

(मार्गासनी येथे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पुण्या-मुंबईच्या महागड्या खासगी शाळांत या प्रश्नासाठी पगारी समुपदेशक नेमलेला असतो. आठवी-नववीपासून तो मुलाचा कल पाहतो, प्रवेशपरीक्षांचे वेळापत्रक आखतो, परदेशी विद्यापीठांचे अर्ज तपासून देतो. त्याचे वेतन पालकांच्या फीमधून निघते. मार्गासनी, साखर, गुंजवणे या टापूतील मुलाला हाच प्रश्न पडतो तेव्हा त्याचा सल्लागार असतो वर्षभर आधी कॉलेजात गेलेला शेजारचा मुलगा, नाही तर खासगी क्लासची जाहिरात. गुण दोघांचे सारखे असले तरी दोघांची शर्यत सारखी राहत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची माहिती अधिक आणि घेणाऱ्याला कमी असली, तर बाजार बिघडतो. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यापासून उच्च शिक्षणाचाही असाच बाजार उभा राहिला. फरक इतकाच की, फसून घेतलेली मोटार पुन्हा विकता येते. मुलाच्या आयुष्यातील गेलेले वर्ष परत मिळत नाही.

माहितीच्या अभावाची किंमत किती असते, ते पाहा. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. आपल्या परिसरातील बहुतेक घरे या उत्पन्नमर्यादेत सहज बसतील. परंतु ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलीलाच आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला, किंवा चकचकीत इमारत पाहून एखाद्या खासगी विद्यापीठाची वाट धरली, की हा हक्क गेला. 'फेरीची वाट कशाला पाहता, आमच्याकडे आजच जागा पक्की करा,' असे सांगणारा माणूस ही गोष्ट सांगत नाही. मग बाप जमीन गहाण टाकून जी फी भरतो, ती मुळात भरण्याची गरजच नव्हती!

दुसरे उदाहरण अकरावीचे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यात ऑनलाइन झाले. विद्यार्थ्याने १० पर्यंत पसंतिक्रम द्यावयाचे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास तो पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. वरवर हा नियम सर्वांना समान आहे. परंतु पुण्यातील नामांकित महाविद्यालयाचे नाव पहिले लिहिणाऱ्या आपल्या मुलीला वसतिगृह कोठे मिळणार, एस. टी. किती वाजता सुटणार, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वी तिच्यासोबत बसून कोणी केला होता?

तिसरी गोष्ट कागदांची. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षण घ्यावयाचे तर जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते महिनोन् महिने मिळत नाही, म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज करावा लागतो. धनगरवाड्यांवरील आणि कातकरी वस्त्यांवरील ज्या घरांत आजवर कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही, त्यांना हे कोण सांगणार? बुद्धी असूनही केवळ कागद वेळेत न मिळाल्याने जागा जाते, तेव्हा तिला नशीब म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. ही सवय मोडली पाहिजे.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. पण कल कळणे हा अर्धाच भाग झाला. मुलाचा कल यंत्रांकडे आहे हे कळल्यावर आय. टी. आय. कोठे आहे, दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते काय, आणि तोवर घरची एक मजुरी बुडेल ती कशी भरून काढावयाची, हे प्रश्न उरतातच. गरिबाच्या घरी शिक्षणाचा खर्च फीपुरता नसतो. खोलीभाडे, खानावळ आणि बुडालेली मजुरी यांचा भार अनेकदा फीहून जड असतो.

हे ओळखणारी परंपरा आपल्याकडे आहे. रयतेच्या करावर वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन करून खेड्यातील मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. विदर्भात राजू केंद्रे यांच्या 'एकलव्य'ने घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांना देशातील नामवंत संस्थांचे अर्ज भरण्यापासून साथ दिली. जे श्रीमंत शाळेत पैशाने मिळते, ते संघटनेनेही देता येते याचा हा पुरावा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी तीन कामे ठेवतो. प्रत्येक माध्यमिक शाळेमागे दोन जाणते तरुण नेमून नववीपासूनच्या मुलामुलींची यादी करावी आणि कोणाचा कोणता दाखला बाकी आहे ते लिहून ठेवावे. मे-जूनमध्ये बाजाराच्या गावी अर्ज भरण्याचे मोफत केंद्र चालवावे. तेथे पालकाला आधी खर्चाचा हिशेब सांगावा आणि मगच पसंतिक्रम भरावा. आणि तिसरे, प्रत्येक शाळेत प्रशिक्षित समुपदेशक शासनाच्या खर्चाने असावा, तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह असावे, ही मागणी सतत लावून धरावी. पहिली दोन कामे करणाऱ्यालाच तिसरी मागणी करण्याचे बळ येते. कारण त्याच्या वहीत नावे असतात.

मुलाने काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही, तो त्याचा आहे. त्याच्यापुढे किती वाटा आहेत आणि प्रत्येकीचे भाडे किती, एवढे त्याला वेळेवर कळले पाहिजे. येत्या निकालापूर्वी या गावातील यादी तयार व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.